ॲसिडचं कपाट आणि हवेचा तुडूम

माझ्या शर्टाच्या खिशात पेन असो-नसो, अगरबत्तीचा पुडा असतो. कुणाच्या घरी गेलो आणि वाकून चप्पल काढताना तो पुडा खाली पडला, की यजमानांच्या चेहऱ्यावर एकदम आदर येतो. रिटायर झाल्यावर गृहस्थ भक्तिमार्गाला लागले वाटतं, असा तो आदर. आमच्या घरी मात्र सगळ्यांना ठाऊक आहे की देवापुढे उभं राहायचा मला पहिल्यापासून कंटाळा. त्या अगरबत्त्या हवेसाठी आहेत. हवा कुठून कुठं जाते हे बघण्यात माझी उभी हयात गेली, आणि ते बघायची खरी रीत मला नोकरीच्या उतरणीला एका बाईनं शिकवली. हा लेख तिच्याबद्दल आहे. माझ्याबद्दल जे येईल ते नाइलाजानं.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे कारखाने, खाणी, कॉलेजं यांना जोडून पुष्कळ प्रयोगशाळा आहेत. कुठं कोळसा तपासतात, कुठं सिमेंट, कुठं शेतातली माती. या सगळ्यांना एक कपाट लागतं. समोर वर-खाली सरकणारी काच, आत टाइल लावलेला ओटा, आणि वरून एक नळ थेट गच्चीवरच्या पंख्यापर्यंत. त्याला फ्यूम हूड म्हणतात. आमच्याकडचे लोक सरळ ‘ॲसिडचं कपाट’ म्हणतात आणि तेच नाव बरोबर आहे. आत ॲसिड उकळतं, पंखा त्याची वाफ ओढून गच्चीवर सोडतो, आणि काचेबाहेर उभ्या माणसाच्या नाकात काही जात नाही. निदान जाऊ नये. अशी कपाटं आणि त्यांचे पंखे बसवणं हा माझा धंदा होता. काम चांगलं झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, असा हा धंदा आहे. हार वगैरे कधी मिळाला नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक भेटली. कोरपन्याकडच्या एका कारखान्यात मोठे केमिस्ट होते. त्यांचं कपाट तपासायला काच वर केली तर आत परातीत सांडगे! ‘‘धूळ नाई बसत हो इथी,’’ ते म्हणाले, ‘‘अन् दोन दिवसांत खडखडीत वाळते.’’ मी त्यांना म्हटलं, साहेब, शेजारीच ॲसिड आहे. तर म्हणाले, ‘‘त्याच्यानंच चव येते.’’ मी त्यांच्याकडे जेवायचं नेहमी टाळलं. दुसऱ्या एका कॉलेजात कपाटाला कुलूप होतं आणि आत परीक्षेच्या उत्तरपत्रिका. पंखा कधी लावला होता विचारलं तर उद्घाटनाच्या दिवशी, असं उत्तर मिळालं.

यात हसण्यासारखं आहे, पण एक खरंही आहे. ही कपाटं लोक बंद ठेवतात ती विजेमुळे. पंखा एकदा लावला की तो दिवसभर पूर्ण जोरात फिरतो, कपाटात काम असो वा नसो. खोलीत एसी असेल तर थंड केलेली हवाही तोच उचलून आभाळात फेकतो. म्हणजे वीज दोनदा खर्च होते. म्हणून पंखा निवडताना हूड किती मोठं हा प्रश्न दुसरा, आणि ते किती वेळ किती उघडं राहणार हा पहिला. हे मला पुस्तकातून माहीत होतं. कळलं मात्र सिंदेवाहीच्या रस्त्यावरच्या एका माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण पुढे जी चूक येणार आहे ती त्यांची नव्हती.

जानेवारीत त्यांचा निरोप आला. प्रमुख होते देशकर सर. माणूस सज्जन, पण बोलताना डोळे कायम भिंतीवरच्या मेन स्विचकडे. त्यांचं दुखणं त्यांनी लगेच सांगितलं. दोन जुनी कपाटं, दोहोंना मिळून एक दांडगा पंखा. पंखा सुरू केला की दिवे मंद होतात, शेजारच्या खोलीतल्या नाजूक यंत्रांचा एसी बंद पडतो, आणि कधी कधी सगळ्या इमारतीची वीज जाते. वाढीव वीजभार मिळायची आशा नाही. मग पंखा पाहुणे आले की लावायचा आणि एरवी खिडक्या उघड्या ठेवायच्या, अशी वहिवाट पडली होती.

‘‘आणि ॲसिडचं काम कोण करतं?’’ मी विचारलं.

‘‘वनिताबाई,’’ सर म्हणाले.

बेसिनपाशी काचेची भांडी धूत एक बाई उभी होती. चाळिशीची, किडकिडीत, नऊवारी-पाचवारीच्या वादात न पडता साडीवर पांढरा कोट चढवलेली. तिनं मागे वळून ‘‘नमस्कार भाऊ’’ म्हटलं आणि ती खोकली. त्या दिवशी तिचं एकही वाक्य खोकल्याशिवाय संपलेलं मी ऐकलं नाही.

तिची हकिगत सरांनीच सांगितली. जवळच्या गावची, तलावात मासे धरणाऱ्या घरातली. बारावी सायन्स करून इथं लागलेली. नेमणूक कंत्राटी, आणि तीही ॲसिड विभागापुरतीच. गावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे काम सोडा. ते सोडलं तर नोकरीच नाही. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. काम राहिलं तर छाती जाते आणि काम गेलं तर चूल, अशी तिची गत होती. सरांपुढेही रस्ता एकच होता: आहे त्या विजेत भागणारी यंत्रणा मिळाली नाही तर ॲसिड विभाग बंद करून मातीचे नमुने नागपूरला पाठवायचे.

सरांनी टेबलावर एक रंगीत माहितीपत्रक ठेवलं. त्यात नळ नसलेली कपाटं होती. हवा आतल्या गाळणीतून जाते आणि खोलीतच परत येते, म्हणून वीज अगदी थोडी. ‘‘हे घेऊन टाकू का?’’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडंथोडकं काम असेल तर ही कपाटं वाईट नाहीत. पण इथं दिवसभर ॲसिड उकळतं. गाळणी भरली हे कुणाला कळणार? आधी वनिताबाईंच्याच नाकाला.

मग मी माझा उपाय मांडला. प्रत्येक कपाटाला स्वतंत्र छोटा पंखा, पंख्याचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, आणि काच किती उघडी आहे हे सांगणारा सेन्सर. काच खाली आली की पंखा हळू होतो, वर गेली की वाढतो. पंख्याचा वेग निम्मा केला की वीज निम्मी होत नाही, हिशेबाप्रमाणे आठव्या हिश्शावर येते. मी फळ्यावर आलेख काढला. सरांचे डोळे परत मेन स्विचकडे गेले. आलेख त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

बेसिनपाशी पाणी बंद झालं. ‘‘म्हंजे तुडूमावानी का, भाऊ?’’ वनिताबाई म्हणाल्या.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. झाडीपट्टीत गावोगाव जुने तलाव आहेत आणि तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, सोडायची जी मोरी असते तिला तुडूम म्हणतात.

‘‘पाहा सर,’’ त्या हात पुसत पुढे आल्या, ‘‘तुडूम पुरा खोलून ठेवला तं तलाव रिकामा होते अन् बांधीत पानी मावत बी नाई. जेवढी बांधी तेवढा तुडूम खोलाचा. आत्तापर्यंत आपण पुरा खोलून राह्यलो होतो. भाऊ म्हनून राह्यले का काचच तुडूम हाये.’’ आणि खोकल्या.

सरांनी फळ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाले, ‘‘हो, मग असं सांगा ना!’’ मंजुरी मिळाली ती माझ्या आलेखामुळे नाही हे मला तेव्हाही कळलं होतं. राग आला नाही, गंमत वाटली. पुढे तीस ठिकाणी मी हा तुडूम वापरला आणि तो माझाच असल्यासारखा वापरला, हेही इथं कबूल करून टाकतो.

फेब्रुवारीत काम पूर्ण झालं. पत्र्याला ॲसिड खातं म्हणून प्लॅस्टिकचे नळ टाकले, गच्चीवरचं धुराडं वाऱ्याच्या हिशेबानं उंच घेतलं. काचेच्या उघड्या भागात नऊ ठिकाणी मीटर धरून ओढ मोजली. नऊही आकडे जिथं हवे तिथं. दोन्ही पंखे सुरू केले तरी दिवे हलले नाहीत. देशकर सर त्या दिवशी प्रथमच स्विचकडे न पाहता माझ्याशी बोलले. वनिताबाईंनी घरून वाळल्या झिंग्यांची चटणी आणली होती. मी तीन भाकरी खाल्ल्या आणि आपल्यासारखे आपणच असं वाटत चंद्रपूरला आलो.

मे महिन्यात सरांचा फोन आला. आवाज बदललेला. ‘‘तुमची यंत्रणा फसली हो. पंखे दिवसभर पूर्ण जोरात असतात, एसी पुन्हा बंद पडतो. आणि बाईंचा खोकला पहिल्यापेक्षा वाढला. सोमवारी संस्थेच्या समितीची बैठक आहे. ॲसिड विभाग बंद करायचा विषय घेतलाय.’’

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दुपारी प्रवास करणारा माणूस मुळातच चिडलेला असतो. मी पोचलो तेव्हा दोन्ही कपाटांच्या काचा कपाळापर्यंत वर! मला हवा होता तो पुरावा मिळाला. कर्मचारी होते, सर होते, त्या सगळ्यांसमोर मी आवाज चढवला. ‘‘वनिताबाई, काच खाली ठेवा म्हणून किती वेळा सांगितलं होतं? तुडूम तुडूम म्हणून तुम्हीच सांगितलंत ना सरांना? मग पुरा उघडून काऊन बसल्या?’’

त्यांचा चेहरा उतरला. ‘‘काच खाली ठेवली तरी वास येते, भाऊ. म्हून वर करून ओढ वाढवून राह्यली होती.’’

‘‘खाली ठेवल्यावर वास येणं शक्य नाही,’’ मी म्हणालो. ‘‘थांबा, मोजूनच दाखवतो.’’

काच खाली घेतली. पिशवीतून मीटर काढलं. मोजायला सुरुवात करणार तोच अंगावर पाण्याचे बारीक तुषार आले. खिडकीतला कूलर घरघरत होता. मीटर ओलं होईल म्हणून मी म्हटलं, ‘‘जरा तो कूलर बंद करा.’’ कुणीतरी केला. मी नऊ ठिकाणी मोजलं. नऊही आकडे जिथं हवे तिथं. मी ते आकडे सरांना दाखवले, वनिताबाईंनाही दाखवले. ‘‘हे मशीन खोटं बोलत नाही, बाई.’’

त्या खोकल्या. मग म्हणाल्या, ‘‘मशीन खोटी नाई बोलत, भाऊ. पन तुम्ही जवा इचारता तवाचंच सांगते.’’

त्यांनी आधी कपाटातली शेगडी बंद केली, भांडं बाजूला झाकून ठेवलं. मग कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीजवळून एक अगरबत्ती आणली आणि पेटवली. (हे वाचून कुणी करणार असेल तर आजूबाजूला पेट घेणारं काही नाही हे बघून करा. बाईंनी बघितलं होतं.) काच होती तिथंच होती. अगरबत्ती त्यांनी काचेखाली, डाव्या कोपऱ्यात धरली. धूर सरळ आत गेला.

‘‘आता कूलर लावा,’’ त्या म्हणाल्या.

कूलर सुरू झाला. धूर आत जाता जाता थबकला, कोपऱ्यात गिरकी घेतली, आणि काचेखालून बाहेर येऊन सरळ बाईंच्या तोंडावर गेला. त्यांनी मान वळवली नाही. मुद्दाम तशाच उभ्या राहिल्या, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून.

कपाटाची ओढ म्हणजे हलकी झुळूक असते आणि कूलरचा झोत तिच्या कितीतरी पट. तो आडवा आला की कपाटातली वाफ बाहेर खेचून आणतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, दुसऱ्यांना शिकवलेलंही होतं. पण मी मापं घेतली जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा त्या खिडकीत कूलर नव्हता, खिडकी नुसती बंद होती. मी जन्मानं चंद्रपूरचा. होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरवायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, खिडकीत बसवायचा, हे मी लहानपणापासून करत आलो. मुंबईचा इंजिनिअर चुकला असता तर समजून घेता आलं असतं. मी मात्र उन्हाळ्यात कूलर कुठं बसतो हे विचारायलाच विसरलो होतो, आणि तो समोर घरघरत असताना मीच बंद करायला लावून हवा मोजली होती.

‘‘तुम्हाला हे कसं सुचलं?’’ सरांनी विचारलं.

‘‘सुचाचं काय त्याच्यात, सर? बाबा जाळं टाकाच्या आधी पान्यावर कोंडा टाकतेत. कोंडा कुठी जाते ते पाह्यलं का पान्याची ओढ समजते. पानी नुसतं पाहून नाई समजत. होळी झाल्यापासून हा वास चालू झाला. अन् होळी झाल्यावर इथी नवीन काय आलं, तं कूलर. मी एक-दोघाले म्हटलं बी. थे म्हने, बाई, गरमीत मरता का मंग?’’

हा प्रश्न खराच होता. मे महिन्यात त्या खोलीतला कूलर काढणं म्हणजे माणसं काढणं. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, पण खरं सांगायचं तर मला शरमेनं काही सुचत नव्हतं. वनिताबाईंनी माझ्यासमोर पाण्याचा गडू ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘तुडूमातून पानी लय जोरात आलं तं बांधी फुटते. म्हून आम्ही तोंडाशी फांद्या टाकतो. पानी तेवढंच येते, पन दमानं येते.’’

कूलर आम्ही पलीकडच्या, कपाटांपासून सगळ्यात लांबच्या खिडकीत नेला. त्याच्या तोंडापुढे हातभर अंतरावर बांबूचा विरळ विणलेला मोठा तट्टा उभा केला. गावातल्याच बुरडानं तो दुपारी विणून दिला. झोत तट्ट्यावर आपटून फुटला आणि हवा खोलीभर संथ पसरली. मग मला माझ्या धंद्याची गोष्ट दिसली, जी मला जानेवारीतच दिसायला हवी होती. कपाटं जेवढी हवा बाहेर टाकतात तेवढी खोलीत कुठून तरी यायला हवी असते. ती आतापर्यंत दाराच्या फटीतून, शेजारच्या एसीच्या खोलीतून ओढली जात होती. आता तीच हवा कूलर बाहेरून घेऊन, थंड करून देत होता, तीही अगदी थोड्या विजेत. एसी फक्त यंत्रांपुरता राहिला. ज्या कूलरला मी आरोपी समजत होतो तोच खरं तर यंत्रणेचा हरवलेला अर्धा भाग होता. पावसाळ्यात पाणी न घालता नुसता पंखा चालवायचा, इतकाच फरक.

बाईंनी काच खाली घेतली. पंखे हळू झाले. कूलर चालू. अगरबत्ती डाव्या कोपऱ्यात, उजव्या कोपऱ्यात, मध्ये. धूर सगळीकडून आत. मग मी मीटर काढलं आणि या वेळी कूलर चालू ठेवून, लांबून तुषार येत नाहीत हे बघून, मोजलं. आकडे बरोबर आले. पण तोपर्यंत कुणी मीटरकडे बघतच नव्हतं.

सोमवारच्या बैठकीत ॲसिड विभाग वाचला. समितीला मी दोन पानी अहवाल दिला होता. त्यात लिहिलं, ‘प्रत्यक्ष पाहणीत असे आढळून आले की कूलरच्या झोतामुळे...’ आढळून आले! कुणाला आढळलं, ते लिहिलं नाही. खाली सही माझी. मी जाणूनबुजून लबाडी केली असं नाही, अहवाल असेच लिहितात. पण समितीपुढे वनिताबाईंचं नाव त्या दिवशी आलं असतं तर त्यांची कंत्राटी नेमणूक कदाचित त्याच वर्षी पक्की झाली असती. ते व्हायला पुढे चार वर्षं लागली. शिवाय चारचौघांत चढवलेला आवाज मी चारचौघांत खाली घेतला नाही. निघताना दाराशी हळूच ‘‘चुकलं माझं’’ म्हणालो. ‘‘राहू द्या, भाऊ,’’ त्या म्हणाल्या. पुष्कळ मोठी कामं केली मी, पण हे बोचतं.

गेल्या वर्षी, रिटायर झाल्यावर, मुद्दाम तिथं गेलो. महिना मे. देशकर सरांच्या जागी नव्या मॅडम आहेत. त्यांना मी एक पत्र दिलं, की त्या जुन्या अहवालातल्या ‘आढळून आले’च्या जागी वनिताबाईंचं नाव वाचावं, आणि ते पत्र फाइलला लावावं. मॅडमनी लावलं. उशीर झाला हे मलाही कळतं.

ॲसिड विभागात बांबूचा तट्टा नवा होता, त्याच जागी. वनिताबाई नव्यानं लागलेल्या दोन मुलींना काम शिकवत होत्या. केस पिकलेत, चष्मा आलाय, कोट तसाच साडीवर. मला पाहून हसल्या आणि मुलींना म्हणाल्या, ‘‘हे कपाटं यायनंच बसवले. चंद्रपूरचे भाऊ. लय मोठे इंजिनिअर. पन कूलर बंद करून हवा मोजली होती यायनं!’’ मुली हसल्या, मीही हसलो. चारचौघांतली बाकी अशी फिटत असेल, तर मी आनंदानं फेडतो.

मग त्यांनी अगरबत्ती पेटवली आणि माझ्या हातात दिली. ‘‘तुम्ही धरा, भाऊ.’’ मी डाव्या कोपऱ्यात धरली. धूर सरळ आत गेला.

खरं म्हणजे तिथून निघायला हरकत नव्हती. पण मी स्टूल ओढून भिंतीला टेकून बसलो. त्यांनी विचारलं, गाडी उशिरा आहे का. मी हो म्हटलं. शेगडीवर ॲसिड उकळत होतं, वनिताबाई मुलींशी सारख्या बोलत होत्या. काच किती घ्यायची, भांडं कुठं ठेवायचं, धूर कसा बघायचा. मला त्यातलं सगळं माहीत होतं. मी दुसरंच काही ऐकायला बसलो होतो. चांगला दीड तास बसलो. त्या एकदाही खोकल्या नाहीत.